तैलरंगातील कित्ता

अक्षराला वळण लागावे म्हणून जे सुबक अक्षर समोर ठेवून मूल पानेच्या पाने लिहीत जाते त्याला कित्ता म्हणतात, आणि कित्ता गिरवणाऱ्या मुलाला कोणी नकलाकार म्हणत नाही; गाण्याच्या तालमीतही गुरूने दिलेली बंदिश नीट गळ्यावर चढेपर्यंत शिष्याने स्वतःच्या ताना घेऊ नयेत, असाच दंडक आहे. चित्रकलेत मात्र, आणि त्यातही तैलरंगातील व्यक्तिचित्रणात, श्रेष्ठ चित्रकाराच्या कलाकृतीची प्रतिकृती करून शिकण्याच्या मार्गाकडे आज संशयाने पाहिले जाते, आणि त्याच वेळी मोबाइलमधील छायाचित्रावर चौकटी आखून ते कॅनव्हासवर उतरवणे हा मात्र सर्रास अभ्यास समजला जातो. हा क्रम उलटा आहे. छायाचित्र चेहरा कसा दिसतो एवढेच सांगते. उत्तम तैलचित्र तो चेहरा रंगात कसा मांडला, त्यातले काय ठेवले, काय गाळले आणि कशानंतर काय केले, हेही सांगते, आणि नवशिक्याला नेमके तेच ठाऊक नसते.

हे नीट समजण्यासाठी तैलरंगाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड जवसाच्या तेलात घोटून केलेला लगदा. जलरंगातील पाणी उडून जाते तसे हे तेल उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेत हळूहळू घट्ट होते, त्यामुळे रंग काही दिवस ओला राहतो, ओल्यात ओला मिसळता येतो, चुकलेला भाग खरडून काढता येतो आणि वाळलेल्या थरावर पुन्हा पातळ, पारदर्शक थर चढवता येतो. या सवलतीमुळेच माणसाच्या कातडीची मऊ, आतून उजळणारी छटा तैलरंगात जशी साधते तशी इतर माध्यमांत क्वचितच साधते. पण याच सवलतीमुळे क्रमाला विलक्षण महत्त्व येते, कारण वरचा थर पाहून खालच्या थराचा अंदाज अननुभवी डोळ्याला येत नाही. प्रतिकृती करणे म्हणजे पूर्ण झालेले चित्र शेवटाकडून आरंभाकडे वाचत जाणे होय. ‘नकलेलाही अक्कल लागते’ ही म्हण या कामाला शब्दशः लागू पडते.

भारतीय तैलचित्रणाची एक ठळक वाटचालही अशा वाचनानेच सुरू झाली. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय व्यक्तिचित्रकार त्रावणकोरच्या दरबारी आला, तेव्हा वीस वर्षांच्या रवी वर्म्याला त्याने शिकवण्याचे नाकारले; आपले काम पाहण्यापुरती परवानगी तेवढी दिली. रवी वर्म्याला जलरंगाची ओळख होती, तैलरंग जवळपास अपरिचित होता. तोंडी मार्गदर्शन नाही, हाताला धरून शिकवणे नाही. दुसऱ्याचा हात कसा चालतो हे पाहायचे आणि मग एकट्याने कॅनव्हाससमोर बसून ते पुन्हा करून बघायचे, एवढीच त्याची पाठशाळा होती. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्याने काढलेली पौराणिक चित्रे आणि राजघराण्यातील व्यक्तिचित्रे पाहताना ही गोष्ट विसरली जाते की, या माणसाला तैलरंगाची रीतसर दीक्षा कोणीही दिलेली नव्हती.

मुंबईत ही दीक्षा संस्थेच्या रूपाने आली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतींवरून रेखाटन करून घेण्याची युरोपीय पद्धत रुजली, आणि तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रतिकृती केल्या होत्या, पण त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांच्या संचातील बराच भागही १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेला. प्रतिकृती जळाल्या, तरी त्या करताना तयार झालेले हात उरले. अजिंठ्याच्या या कामात प्रमुख असलेले पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) पुढे मुंबईचे मान्यवर तैलचित्रकार झाले आणि पारशी घरांतील माणसे त्यांनी ज्या जिव्हाळ्याने रंगवली, ती भारतीय व्यक्तिचित्रणातील मोलाची ठेव आहे. अजिंठ्याची शैली आणि पेस्तनजींची शैली यांत काहीही साम्य नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे: प्रतिकृतीने त्यांना अजिंठ्याची ढब दिली नाही, तर पाहण्याची चिकाटी दिली. याच परंपरेत गोव्यातील सांग्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) येतात, ज्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हटले गेले. आणि कलाशाळेची पायरी न चढताही कोल्हापुरात बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्यासारखा व्यक्तिचित्रणावर हुकमत असलेला कलावंत घडला.

आता प्रश्न मुंबईपासून दूर असलेल्या, छत्तीसगडातील भिलाईसारख्या गावाचा: इथे हा कित्ता कसा गिरवायचा? पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली, त्याच्या आगेमागे देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे आली, आणि नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांत त्यांतील मराठी कुटुंबांची भर पडली. सिव्हिक सेंटरमध्ये नेहरू आर्ट गॅलरी आहे, आणि संगीत व कलांसाठी १९५६ मध्ये स्थापन झालेले खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय फार दूर नाही. पण जुन्या तैलचित्रांचा मोठा संग्रह हाताशी नाही. तरीही तैलरंगाच्या दृष्टीने हा मुलूख परका नव्हे. दुर्ग-राजनांदगावकडे धानाच्या उभ्या पिकातच ‘उतेरा’ पद्धतीने जवस पेरतात, हिंदीत त्याला अलसी म्हणतात, आणि जगभरचे चित्रकार रंग घोटतात तो याच बियांच्या तेलात. दल्ली-राजहराच्या खाणींतून कारखान्यात येणारे तांबडे खनिज म्हणजे लोहाचे ऑक्साइड. चित्रकाराच्या पॅलेटवरील गेरू, येलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अंबर या मातकट रंगांचा रंगही मुख्यतः लोहाच्या संयुगांमुळे येतो, आणि माणसाच्या कातडीच्या बहुतेक छटा याच रंगांतून निघतात. मात्र घाण्यावरचे खाद्यतेल थेट रंगात घालू नये. चित्रासाठी शुद्ध केलेले, निवळलेले तेलच लागते, नाहीतर ते चिकट राहते आणि लवकर पिवळे पडते.

पहिल्या कित्त्यासाठी रेम्ब्रांटचे एक छोटे चित्र फार सोयीचे आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात असलेले हे आत्मचित्र त्याने १६२८ च्या सुमारास, बाविशीच्या आसपास असताना, लाकडी फळीवर रंगवले. त्याचे माप सुमारे २२.६ गुणिले १८.७ सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढे. संग्रहालयाने त्याची अतिशय सूक्ष्म तपशील दाखवणारी प्रतिमा सर्वांसाठी मोफत खुली ठेवली आहे, त्यामुळे भिलाईतील विद्यार्थ्यालाही ब्रशचे फटकारे पडद्यावर मोठे करून पाहता येतात. चित्रात प्रकाश एका बाजूने येऊन उजव्या गालावरून निसटतो, कानाची पाळी आणि मान उजळतो, आणि उरलेला बहुतेक चेहरा, डोळ्यांसकट, सावलीत बुडालेला आहे.

इथेच नवशिक्याची पहिली परीक्षा होते. चेहऱ्याला दोन डोळे असतात हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो सावलीतले डोळेही पापण्या-बुबुळांसह स्पष्ट रंगवतो, आणि चित्र तत्काळ मरते. रेम्ब्रांटने ठाऊक असलेले न रंगवता दिसलेले तेवढे रंगवले. ते डोळे आहेत, आपल्याकडे रोखलेलेही आहेत, पण ते सापडायला पाहणाऱ्याला थोडा वेळ द्यावा लागतो. हे दिसण्यासाठी डोळे अर्धवट मिटून पाहण्याची सवय लावावी लागते. असे पाहिले की बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेड, मध्यछटा आणि सावली असे तीनच मोठे आकार उरतात. छटा म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा. लाल, पिवळा यांसारख्या रंगछटेशी तिचा संबंध नाही, आणि साम्य बिघडते ते बहुतेक वेळा नाक-डोळ्याच्या रेषेमुळे नव्हे, तर छटा चुकल्यामुळे.

काम सुरू करताना पांढऱ्या कॅनव्हासवर नव्हे, तर रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पुसून घेतलेल्या तपकिरी अस्तरावर आरंभ करावा. कॅनव्हास पांढरा असला की प्रत्येक गडद रंग जास्तच गडद वाटतो आणि हात घाबरतो; मधल्या छटेचे अस्तर असले की उजेड आणि सावली दोन्ही बाजूंना मोजता येतात. त्यावर याच अंबरने सावलीचा एकच सलग आकार बसवावा. केसांची सावली, कपाळाची सावली, गळ्याची सावली असे तुकडे करू नयेत, कारण मूळ चित्रात त्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. अंबरमध्ये मॅंगनीज असल्यामुळे तो लवकर वाळतो, म्हणून खालच्या थराला तो योग्य; उलट हाडांचा काळा, म्हणजे आयव्हरी ब्लॅक, फार सावकाश वाळतो, त्याचा जाड थर खाली दिला तर वरचा रंग पुढे तडकण्याची भीती असते. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे, हा तैलरंगाचा जुना नियम याच कारणासाठी आहे. भिलाईच्या मे महिन्यातील उन्हात वरचा पापुद्रा झटकन धरतो आणि पावसाळ्यातील दमट हवेत तोच थर दिवसेंदिवस ओला राहतो, तेव्हा तारखेवर न जाता कोपऱ्यात बोट लावून पाहणेच बरे.

दुसऱ्या बैठकीत उजेड चढवायचा. येलो ऑकर, व्हर्मिलियन, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा, एवढे चारच रंग पुरतात. स्वीडिश व्यक्तिचित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या नावाने ही मर्यादित पॅलेट प्रसिद्ध आहे. निळा रंग नसताना कातडीतील थंड, निळसर राखी भाग कसा येणार, ही शंका रास्त आहे, पण काळ्यात पांढरा मिसळून तो उष्ण तांबूस रंगाशेजारी ठेवला की डोळ्याला तो निळाच भासतो. हे पुस्तकात वाचून पटत नाही; गालाच्या कडेवर तो पहिला राखी ठिपका ठेवून दोन पावले मागे सरकले की पटते. रेम्ब्रांटच्या काळी पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा असे, तो विषारी असल्यामुळे आज टायटॅनियम व्हाइट वापरावा, मात्र तो अधिक झाकणारा आणि थंड असल्याने त्यात ऑकरचा अंश घालावा लागतो. उजेडात रंग जाड आणि सावलीत पातळ ठेवावा: जाड रंग स्वतःवर प्रकाश धरतो, पातळ रंगातून अस्तर दिसते आणि सावलीला खोली येते.

मग कडा. कड म्हणजे एक छटा संपून दुसरी सुरू होण्याची जागा, आणि व्यक्तिचित्रकाराचा कस सर्वांत जास्त तिथे लागतो. या चित्रात गालावर उजेडाची कड धारदार आहे, पण तोच उजेड गालावरून नाकाकडे जाताना कड विरत जाते. ही विरणारी कड ब्रशने घासून नव्हे, तर दोन्ही छटांमधली तिसरी छटा शोधून मध्ये ठेवली की जमते. शेवटी केस. रेम्ब्रांटने प्रत्येक केस रंगवलेला नाही. ओल्या गडद रंगात ब्रशच्या मागच्या लाकडी टोकाने त्याने कुरळे ओरखडे काढले आणि खालचा उजळ थर त्या ओरखड्यांतून वर आला, तेच केस झाले. हे करायला रंग नेमका किती ओला हवा हे दोन-तीन वेळा फसल्यावरच कळते. अशा फसण्यासाठीच तर हा कित्ता असतो.

एक सूचना येथेच करणे आवश्यक आहे. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना होणाऱ्या प्रक्रियेची उष्णता आत साठून ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत.

रेम्ब्रांट झाल्यावर दुसरा कित्ता मात्र भारतीय असावा, याबद्दल दुमत होऊ नये. युरोपीय गोऱ्या कातडीसाठी ठरलेली गुलाबी-पिवळी मिश्रणे सावळ्या चेहऱ्यावर लादली की माणूस आजारी दिसतो, आणि आपल्याकडील कित्येक भिंतींवरच्या स्मृतिचित्रांत हा दोष ठळक आहे. सावळ्या कातडीवर कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावरील झळाळी अधिक तीव्र आणि बहुधा थंड, निळसर असते, कारण तिच्याभोवतीची छटा गडद असते. मध्यछटेत ऑकर आणि बर्न्ट सिएना लागतात, आणि पांढरा फार जपून. हे ज्यांनी सोडवले ते रवी वर्मा, पेस्तनजी आणि त्रिंदाद, तेव्हा शिकायचे त्यांच्याकडूनच.

पण त्यांची चित्रे छापील प्रतींवरून अभ्यासताना सावध राहावे. रवी वर्म्याची जी चित्रे घरोघरी पोचली ती १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हलवलेल्या त्याच्या छापखान्यातील ओलिओग्राफ होती. ओलिओग्राफ म्हणजे अनेक दगडी ठशांवरून रंगांमागून रंग छापून, वर वॉर्निश देऊन तैलचित्राचा भास आणलेली प्रत. तिची प्रतिकृती करणे म्हणजे प्रतीची प्रत करणे, आणि त्यात मूळ हाताची हालचाल उरत नाही. छापील चित्रातून रेखाटन आणि छटा शिकता येतात, रंगाची जाडी आणि थर शिकता येत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा तरी मूळ चित्रासमोर उभे राहणे गरजेचे आहे. बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फतेहसिंह संग्रहालयात रवी वर्म्याची मूळ चित्रे आहेत. सातारा जिल्ह्यातील औंधला, स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयातही आहेत. पणजीच्या फुंदासांव ओरिएंत संस्थेत त्रिंदादांचा संग्रह आहे. आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा व दोराब टाटा यांनी दिलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. दुर्गहून नागपूरमार्गे मुंबईची गाडी थेट मिळते. तिथे कॅमेरा बाजूला ठेवून, चित्राच्या कडेला उभे राहून तिरप्या प्रकाशात पृष्ठभाग पाहावा. रंग कुठे उंच आणि कुठे कॅनव्हासचे विणकाम दिसण्याइतका पातळ, हे त्या कोनातूनच दिसते.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप फार पूर्वी घेतला गेला आहे. लंडनच्या रॉयल अकादमीचे पहिले अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७६९ मधील व्याख्यानात विद्यार्थ्यांना बजावले होते की, सरसकट प्रतिकृती करणे हा कष्टाचा आभास आहे, कारण हात चालत राहतो आणि बुद्धी झोपते. आक्षेप खरा आहे, आणि तो प्रतिकृतीवर नसून झोपेवर आहे. पूर्ण चित्र उतरवण्याऐवजी एकच डोळा, एकच कान, जबड्याखालची एकच सावली पाच वेळा करावी; प्रतिकृती झाल्यावर मूळ चित्र झाकून ती स्मरणाने पुन्हा करावी; त्याच प्रकाशात, त्याच चार रंगांत एखादा वेगळा चेहरा रंगवून पाहावा. असे केले की बुद्धीला झोपण्याची सवड मिळत नाही. स्वतः रूबेन्सने पन्नाशी गाठल्यावर माद्रिदमध्ये टिशियनच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि तेव्हा तो युरोपातील सर्वांत नामवंत चित्रकारांपैकी एक होता.

प्रामाणिकपणाची बाजूही स्पष्ट असावी. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवाना घेऊन प्रतिकृती करता येते, पण कॅनव्हास मूळ चित्राच्या मापाचा चालत नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही. हे दोन नियम घरी अभ्यास करणाऱ्यानेही पाळावेत. रवी वर्म्याच्या नावाने खोटी चित्रे विकली गेली आहेत, आणि अभ्यासाची प्रत व बनावट चित्र यांतील सीमारेषा हीच सही आहे. कायद्यानुसार भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या कृतीवर हक्क राहतो. रवी वर्मा (१९०६), त्रिंदाद (१९३५) आणि म. वि. धुरंधर (१९४४) यांच्या बाबतीत तो काळ उलटून गेला आहे, तर १९६८ मध्ये निवर्तलेल्या सावळाराम हळदणकरांच्या चित्रांवर तो २०२८ अखेरपर्यंत आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत करण्यास अडचण नाही. ती विकायला काढली की प्रश्न उभा राहतो. प्रतिकृती पूर्ण होताच कॅनव्हासच्या पाठीमागे मूळ चित्रकाराचे नाव, ‘यांच्या चित्रावरून’ हे शब्द, स्वतःचे नाव आणि तारीख पेन्सिलने नव्हे तर रंगाने लिहून ठेवावी.

आणि पाच-सहा कित्ते झाले की थांबावे. त्याच पॅलेटवर तेच चार रंग काढावेत, उत्तरेकडील खिडकीपाशी, जिथे थेट ऊन फारसे येत नाही आणि प्रकाश कमी बदलतो, घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवावे, दिवा लावू नये, आणि दर वीस मिनिटांनी त्यांना उठून पाय मोकळे करू द्यावेत. उठण्याआधी खुर्चीच्या पायांभोवती आणि त्यांच्या पावलांभोवती खडूने खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे पुन्हा बसल्यावर सावली जागच्या जागी येईल.